फार्गोमधला रद्द झालेला गोल : निर्णय बरोबर असेल, पण फेरतपासणीला वेळेची मर्यादा हवी की नको?

डुलुथकर :

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी हकीकत थोडक्यात सांगतो. शनिवारी, २७ मार्च २०२१ रोजी, फार्गोच्या शील्स अरेनामध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन आइस हॉकीच्या राष्ट्रीय स्पर्धेतला विभागीय अंतिम सामना मिनेसोटा-डुलुथ आणि नॉर्थ डाकोटा यांच्यात झाला. तिसऱ्या सत्रात आम्ही २-० असे पुढे होतो. शेवटची दोन मिनिटे उरली असताना नॉर्थ डाकोटाने गोलरक्षकाला बाहेर बोलावून जादा आक्रमक उतरवला आणि दोन गोल करून बरोबरी साधली. जादा सत्रात पहिला गोल करणारा संघ जिंकतो. पहिल्याच जादा सत्रात आम्ही पुन्हा गोल केला, आमची मुले एकमेकांच्या गळ्यात पडली, आणि मग पंच चित्रफीत पाहायला गेले. बऱ्याच वेळाने निर्णय आला, की पक (या खेळातली चेंडूऐवजीची रबरी चकती) आक्रमणाच्या क्षेत्राची निळी रेषा ओलांडण्याआधी आमचा खेळाडू आत गेला होता, म्हणून ऑफसाइड, म्हणून गोल रद्द. त्यानंतर सामना पाचव्या जादा सत्रापर्यंत चालला आणि लूक मिलिमोकच्या गोलवर आम्ही ३-२ असा जिंकलो. एकूण खेळ १४२ मिनिटे १३ सेकंदांचा झाला. राष्ट्रीय स्पर्धेच्या इतिहासात एवढा लांबलेला सामना दुसरा नाही.

आम्ही जिंकलो आहोत, त्यामुळे माझ्या म्हणण्यात हरल्याचा राग नाही, हे कृपया लक्षात घ्यावे. मी डुलुथमध्ये सहा वर्षे काढली आणि हा खेळ तिथेच शिकलो. माझे म्हणणे एवढेच आहे की रेषेवर उभ्या असलेल्या रेषापंचाने जे पाहून खेळ चालू ठेवला, ते चुकीचे ठरवायला जर इतका वेळ चित्र पुढेमागे सरकवावे लागत असेल, तर ती चूक खेळाच्या दृष्टीने चूक म्हणण्याइतकी मोठी नसते. दोन मिनिटांत चूक दिसली तर गोल जरूर रद्द करावा. दिसली नाही तर बर्फावरचा निर्णय कायम ठेवावा. थकून चूर झालेली मुले बाकावर बसून राहतात, अंगावरचा घाम गार होतो, आणि पुन्हा उठून खेळायला लागतात तेव्हा तो आधीचा सामना राहिलेला नसतो.

ग्रँडफोर्क्सकर :

अभिनंदन, आणि हे मी मनापासून म्हणतो आहे. आमचा नॉर्थ डाकोटाचा संघ स्पर्धेत अव्वल मानांकित होता, आदल्या दिवशी अमेरिकन इंटरनॅशनलला ५-१ असे हरवून आला होता, आणि तरीही तुमच्या मुलांनी हा सामना खेचून नेला.

पण फेरतपासणीबद्दल तुम्ही जे लिहिले आहे ते वाचून मला २४ मार्च २०१७ ची रात्र आठवली. त्या वेळी मी ग्रँड फोर्क्सला, नॉर्थ डाकोटा विद्यापीठात, शिकत होतो आणि आम्ही चौघे एका गाडीतून फार्गोला गेलो होतो. हेच शील्स अरेना, हीच राष्ट्रीय स्पर्धा, समोर बॉस्टन युनिव्हर्सिटी, आणि पुन्हा पहिलेच जादा सत्र. आम्ही गोल केला. माझ्या शेजारी हिरवा स्वेटर घातलेल्या एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बोटे दुखायला लागली. आदल्या वर्षीचे विजेते आम्हीच होतो आणि आता पुढच्या फेरीत गेलो, असे सगळ्या सभागृहाला वाटत होते. मग पंच चित्रफीत पाहायला गेले. त्या आजीबाईंनी माझा हात सोडला नाही, पण हळूहळू त्यांची पकड सैल होत गेली, आणि गोल रद्द झाल्याचे कळले तेव्हा त्या काही न बोलता खाली बसल्या. दुसऱ्या जादा सत्रात चार्ली मॅकअव्हॉयने गोल केला आणि आम्ही ४-३ असे हरलो.

तेव्हा सगळे आम्हाला सांगत होते, की ऑफसाइड होता तर होता, नियम सगळ्यांना सारखा. ते ऐकायला जड गेले तरी आम्ही ऐकले. चार वर्षांनी तोच नियम, त्याच इमारतीत, तुमच्या गोलला लागला, तर आता नियमाला घड्याळ लावायचे म्हणता. माप एकदा ठरले की ते आपल्या धान्यालाही तेच लावावे लागते.

डुलुथकर :

आपला मुद्दा रास्त आहे आणि २०१७ मध्ये आपल्या बाजूने मीही हेच म्हणालो असतो, असे म्हटले तर ते आपल्याला पटणार नाही हेही मला मान्य आहे. पण दोन्ही वेळी अन्याय नियमाने केला असे मी म्हणतच नाही. ऑफसाइडचा नियम कशासाठी आहे ते पाहा. आक्रमकाने गोलजवळ आधीच जाऊन ठाण मांडू नये, बचाव करणाऱ्याला फसवून फायदा घेऊ नये, यासाठी तो आहे. स्केटचे पाते रेषेच्या बोटभर अलीकडे की पलीकडे, यातून कोणता फायदा मिळतो? त्यातही, पक आत आल्यावर तो कोपऱ्यात जातो, तिथे दोघे-तिघे झटतात, तो मागे निळ्या रेषेजवळच्या बचावपटूकडे येतो, तिथून फटका बसतो. जोवर पक त्या क्षेत्राबाहेर गेलेला नाही, तोवर सुरुवातीचा तो बोटभराचा प्रवेश गोल रद्द करू शकतो, मग मधल्या काळात बचाव करणाऱ्यांना सावरायला कितीही वेळ मिळालेला असो. हे मला खेळाच्या हेतूला धरून वाटत नाही.

ग्रँडफोर्क्सकर :

मग बोटभराची चूक चालेल, दोन बोटांची चालणार नाही, अशी रेषा कोण आखणार? निळी रेषा आहे ती आहे. आणि ताज्या पायांचे काय? मिशिगनच्या संघात करोनाची लागण सापडल्याने तो संघ सामन्याच्या दिवशीच बाद झाला आणि डुलुथ न खेळताच पुढे आला. आम्ही आदल्या रात्री पूर्ण सामना खेळलो होतो. पाच जादा सत्रे खेळताना हा फरक पडत नाही असे कोणी म्हणू नये.

डुलुथकर :

पहिल्या एक-दोन सत्रांत पडत असेल. चौथ्या जादा सत्रात आमचा गोलरक्षक झॅक स्टेस्कल ५७ फटके अडवून झाल्यावर पायात गोळे येऊन बाहेर गेला आणि रायन फँटीला थंड अंगाने उतरावे लागले. तिथे ताजे कोणी उरले नव्हते. शिवाय मिशिगन बाद होणे हा पंचांचा विषय नाही, तेव्हा त्याबद्दल मी इथेच थांबतो.

बॉस्टनकर :

२०१७ च्या त्या निर्णयाचा फायदा माझ्या संघाला झाला, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्याच दिवशी डुलुथने आम्हाला जादा वेळेत ३-२ असे हरवले, त्यामुळे तो फायदा एका रात्रीपुरताच टिकला.

मला लिहायचे आहे ते वेगळ्या गोष्टीबद्दल. दोन्ही वेळी फार्गोच्या स्पर्धेचे यजमानपद नॉर्थ डाकोटाकडे होते. ग्रँड फोर्क्सहून गाडीने फार तर सव्वा तासाचे अंतर, डुलुथहून मात्र चार तासांच्या आसपास. बॉस्टनहून तर विमानच. यावरून आमच्याकडे नेहमी तक्रार होते, की गर्दीच्या आवाजाला पंच दबतात. याच दोन सामन्यांकडे पाहिले तर ही तक्रार टिकत नाही. २०१७ मध्ये सगळे सभागृह नॉर्थ डाकोटाच्या हिरव्या रंगात होते, घरच्या संघाने सामना जिंकल्याचा जल्लोष सुरू झाला होता, आणि पंचांनी तो गोल त्याच लोकांसमोर रद्द केला. त्यासाठी काय छाती लागते! डुलुथचा गोल रद्द झाला म्हणून जे पंचांच्या प्रामाणिकपणावर शंका घेत आहेत, त्यांनी ही २०१७ ची बाजू विसरू नये. जागेची निवड बदलावी, मानांकनात वरच्या संघाला त्याच्या विद्यापीठातच सामना द्यावा की खरोखर तटस्थ ठिकाण शोधावे, हा वाद चालू ठेवू. पंचांना मात्र त्यातून सोडावे.

खडकीचा पंच :

मी मैदानी हॉकीचा माणूस. धनराज पिल्ले ज्या खडकीतून पुढे आले तिथेच काठी हातात धरली, आणि खेळणे थांबल्यावर बरीच वर्षे स्थानिक स्पर्धांत पंच म्हणून उभा राहिलो. पुतण्या मिनियापोलिसला शिकायला गेल्यापासून त्याच्यामुळे बर्फावरची हॉकी पाहू लागलो. आमच्याकडे ऑफसाइड १९९० च्या दशकातच काढून टाकला आणि खेळ त्यामुळे वाहता झाला, असे माझे मत आहे. पण बर्फावर पक काचेच्या कठड्यांतच फिरतो, त्यामुळे तिथे तो काढणे शक्य होईल असे मला वाटत नाही.

पंचाच्या जागेवरून एक गोष्ट सांगतो. रेषापंचाला एकाच क्षणी दोन ठिकाणी पाहावे लागते : खेळाडूचे पाय रेषेवर, आणि पक, जो अनेकदा त्याच्या मागून कुठून तरी येत असतो. दोन्ही एकदम डोळ्यांत मावत नाहीत. मग कान मदत करतात, अंदाज मदत करतो. एकदा आमच्या इथल्या एका स्पर्धेत मी शेवटच्या मिनिटाला पेनल्टी कॉर्नर दिला. सामना संपल्यावर दहा-बारा माणसे मला घेरून उभी राहिली आणि त्यातला एक जण माझ्या शिट्टीची दोरी ओढत होता. त्या रात्री जर मला चित्रफीत पाहण्याची सोय असती तर मी ती पाच काय, पंधरा मिनिटे पाहिली असती. म्हणून घड्याळाची भाषा मला सहजासहजी पटत नाही. वेळ पंच वाया घालवत नसतो. चुकीचा निर्णय देऊन घरी जायला तो तयार नसतो.

तरीही आंतरराष्ट्रीय मैदानी हॉकीत एक पद्धत आहे ती सांगण्यासारखी वाटते. संघाला दाद मागता येते, पण नेमका प्रश्न विचारावा लागतो, आणि दाद फोल ठरली तर संघ ती संधी गमावतो. चित्रावरून काहीच ठरत नसेल, तर मैदानावरच्या पंचाचा निर्णय कायम राहतो. म्हणजे शंकेचा फायदा ज्याने जवळून पाहिले त्याला.

मिनियापोलिसकर :

काकांनी म्हटलेला शंकेचा फायदा अमेरिकेतही आहे. चित्र निर्विवाद असल्याशिवाय निर्णय फिरवू नये, असेच अपेक्षित असते. अडचण अशी, की चित्र जितके हळू चालवावे तितके ते निर्विवाद वाटू लागते.

मला वैराबद्दल दोन शब्द लिहायचे आहेत, कारण वादाचे मूळ तिथे आहे. माझा संघ मिनेसोटा गोफर्स, म्हणजे डुलुथचा नव्हे, मिनियापोलिसच्या विद्यापीठाचा. नॉर्थ डाकोटाशी आमचे वैर आजोबा-पणजोबांच्या काळापासूनचे, आणि २०१३ मध्ये दोघे वेगवेगळ्या गटांत गेल्यावर दरवर्षीच्या गाठीभेटी कमी झाल्या. पुढच्याच वर्षी, १० एप्रिल २०१४ रोजी, फिलाडेल्फियात उपांत्य सामन्यात गाठ पडली आणि जस्टिन हॉलने ०.६ सेकंद शिल्लक असताना गोल करून आम्हाला २-१ असे जिंकून दिले. आजही त्या सामन्याचा विषय निघाला की आमची माणसे तो गोल सांगतात आणि समोरची माणसे त्या सामन्यातले आपल्या विरुद्ध गेलेले निर्णय सांगतात. आपल्या बाजूने गेलेला निर्णय कोणाच्याच लक्षात राहात नाही. इथे ग्रँडफोर्क्सकरांनी २०१७ ची रात्र इतकी बारकाईने लिहिली. शनिवारी डुलुथचा गोल रद्द झाला त्या क्षणी तुमच्या घरात काय झाले, तेही लिहा.

आणि ज्यांना वाटते की फेरतपासणीच नको, त्यांनी २०१० मधला मिशिगन आणि ओहायोमधले मायामी यांचा फोर्ट वेनमधला सामना आठवावा. जादा वेळेत मिशिगनने पक गोलमध्ये टाकला, पण खेळ त्याआधीच थांबला होता असे पंचांनी ठरवले. शिट्टी आधी की गोल आधी, हा वाद तिथे चित्र पाहून मिटवता आला नाही. मायामीने दुसऱ्या जादा सत्रात ३-२ असा सामना जिंकला. मिशिगनचे लोक त्या शिट्टीबद्दल अजून बोलतात. पाच मिनिटे थांबून मिळालेला निर्णय त्यापेक्षा बरा.

ग्रँडफोर्क्सकर :

विचारलेत म्हणून लिहितो. गोल झाला तेव्हा मी दूरचित्रवाणीसमोरून उठून स्वयंपाकघरात गेलो होतो, कारण मला त्यांचा आनंद पाहवत नव्हता. बायकोने हाक मारली, "अहो, अजून काहीतरी तपासताहेत." मी दारातच उभा राहिलो. गोल रद्द झाल्याचे कळले तेव्हा मी ओरडलो आणि आमची मुलगी जागी झाली. त्या क्षणी, चार वर्षांपूर्वी हेच बॉस्टनच्या लोकांनी केले असणार, हे माझ्या मनातही आले नाही. ते दुसऱ्या दिवशी सकाळी आले.

म्हणून माझी बाजू थोडी बदलतो. काकांच्या खेळातली नेमक्या प्रश्नाची अट मला मान्य आहे. ऑफसाइड तपासायचा तर कोणाचा, कोणत्या प्रवेशाचा, एवढेच पाहावे. सगळे आक्रमण उकलत बसू नये. पण घड्याळाची अट मला अजूनही मान्य नाही. दोन मिनिटे संपली, चूक तिसऱ्या मिनिटाला दिसली आणि सगळ्यांनी ती पडद्यावर पाहिली, तर त्या गोलवर जिंकलेल्या संघाने फ्रोजन फोरला, म्हणजे शेवटच्या चार संघांच्या फेरीला, कोणत्या तोंडाने जायचे?

डुलुथकर :

या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे आज उत्तर नाही. तो गोल कायम राहिला असता तर आम्ही पहिल्याच जादा सत्रात जिंकलो असतो आणि आपण इथे आठवडाभर आमच्याशी भांडत असता, आणि ते भांडण खरेच रास्त असते. नेमक्या प्रश्नाची अट मीही स्वीकारतो. वेळेच्या मर्यादेबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही, फक्त दोन मिनिटे कमी पडतील हे मानतो.

८ एप्रिलला पिट्सबर्गमध्ये मॅसॅच्युसेट्सशी आमची गाठ आहे. आपल्या मुलीची झोपमोड होणार नसेल तर जरूर पाहा.