कॉर्न स्नेकची राखाडी पिल्लं: अनेरी, चारकोल की कॅरमल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बडोद्याहून लिहितोय. माझ्याकडच्या कॉर्न स्नेकच्या जोडीची अंडी फुटली, पिल्लांनी पहिली कात टाकली आणि आता गाडी त्यांच्या रंगप्रकारांच्या नावांपाशी अडलीय. (ही अमेरिकेतली जात आहे. आपल्याकडचे साप घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा धामण पाळण्याबद्दल इथे कृपया विचारू नका.)

मादी अमेल, म्हणजे अंगावर काळा रंग नाही, डोळे लाल. नर दिसायला नॉर्मल, पण त्याच्या आईबापांची नोंद विकणाऱ्याकडे नव्हती. निम्मीअधिक पिल्लं लाल डोळ्यांची निघाली, म्हणजे नर अमेलला हेट आहे (ते जनुक त्याच्यात लपलेलं आहे, अंगावर दिसत नाही) हे पक्कं. घोळ पुढे आहे. काही पिल्लं चक्क राखाडी, आणि लाल डोळेवाल्यांतही एक-दोन फिकट गुलाबी. लाल रंगावर परिणाम करणारं आणखी एक रिसेसिव्ह (आईबाप दोघांकडून आलं तरच दिसणारं) जनुक दोघांतही लपलेलं असणार. ते कोणतं?

ओळखीतले लोक राखाडीला सरसकट अनेरी (लाल रंग नसलेलं) आणि गुलाबीला स्नो म्हणून मोकळे होतात. मला हे मुळीच पटत नाही. अमेल आणि अनेरी एकत्र आले तर स्नो. पण दुसरं जनुक चारकोल (हेही लाल रंग घालवतं) असेल तर तेच पिल्लू ब्लिझर्ड, कॅरमल (लाल कमी, पिवळा जास्त) असेल तर बटर. कॅरमलची पिल्लं लहानपणी अनेरीसारखीच दिसतात, पिवळा रंग नंतर चढतो. अनेरीलाही वयाबरोबर गळ्यापाशी पिवळेपणा येतो, चारकोलला सहसा नाही.

काल एक राखाडी पिल्लू उन्हात हातावर घेऊन नीट पाहिलं. पाठीवरच्या डागांच्या कडा काळ्या, पण मध्ये तपकिरी झाक आहे. बाकीच्या राखाडी पिल्लांत ती जेमतेम दिसते. पोटावरची काळी-पांढरी चौकट सगळ्यांची सारखीच. एवढी झाक अनेरीत चालते, की हे कॅरमलचं लक्षण? पिवळेपणा दिसायला साधारण किती काता थांबावं?

एक जण गुलाबी पिल्लू स्नो म्हणून मागतोय. मी थांबवलंय, कारण चुकीचं नाव लागलं की पुढच्या पिढ्यांचा सगळा हिशोबच बिघडतो.

बडोदा, अहमदाबाद किंवा सुरतेत कुणाकडे खात्रीची अनेरी मादी आहे का? माझा नर तिला लावला आणि साधारण निम्मी पिल्लं राखाडी निघाली, तर तो अनेरीला हेट. भरपूर पिल्लं होऊन एकही राखाडी निघालं नाही, तर जनुक वेगळं. अंडी उबवायची सोय माझ्याकडे आहे, पिल्लं अर्धी-अर्धी वाटून घेऊ. कुणी तयार असेल तर जरूर कळवा.