मदत हवी आहे: मधुमालती गच्चीपर्यंत गेली, पण चार वर्षांत एकही फूल नाही

नमस्कार. चिपळूणला माहेरी विहिरीच्या वाटेवर मधुमालतीचा मांडव होता. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं सकाळी गुलाबी आणि दोन दिवसांत लाल व्हायची. एकाच झुबक्यात तिन्ही रंग, खाली लोंबणारे. आई गेल्यावर घर विकायचं ठरलं, तेव्हा मुळाशी आलेला एक फुटवा मातीच्या गोळ्यासकट उकरून पुण्याला आणला.

वेल जोमात आहे. पानं तळहाताएवढी, गर्द हिरवी. खोड अंगठ्याएवढं झालंय, जुन्या पानांच्या देठांचे काटे झालेत, पाणी घालताना हाताला ओरखडे येतात. कीड नाही. पण कळीसुद्धा दिसत नाही.

पूर्वेच्या भिंतीलगत जमिनीतच लावलीय. शेजारी इमारत उभी राहिल्यापासून खाली ऊन जेमतेम दोन तास, गच्चीत मात्र भरपूर. दर महिन्याला शेंगदाणा पेंड भिजवून घालते. शेंडे कपड्यांच्या दोरीत अडकतात, म्हणून महिन्या-दीड महिन्याने छाटते.

नर्सरीत म्हणाले, ही काढा, दुहेरी पाकळ्यांची लावा. ते मला करायचं नाही. ही आईची वेल आहे. जाणकारांनी कृपया सांगावं, काय चुकतंय?

प्रतिसाद:
ताई, अजिबात काढू नका. मधुमालती नव्या फुटीच्या टोकाला फुलते. दर महिन्याला शेंडा कापला की कळी धरायच्या आधीच जाते. शिवाय पेंडेत नत्र भरपूर, सगळा जोर पानांत गेलाय. पेंड बंद करा, मूठभर लाकडाची राख मातीत मिसळा. छाटणी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीत, पण तेव्हा हात आखडता घेऊ नका. नंतर शेंड्यांना हात लावायचा नाही. बुंध्याशी सावली चालते, शेंड्यांना पाच-सहा तास ऊन हवं, आणि ते तुमच्या गच्चीत आहे. कठड्यावर तार ओढा, वेल तिच्यावर आडवी वळवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. कपड्यांची दोरी आत्ताच पलीकडच्या बाजूला बांधून आले. कठड्यावर नवे फुटवे मोजले, सहा आहेत. सध्या श्रावण चालू आहे. हे सहा तसेच वाढू दिले तर दिवाळीच्या आत एखादा झुबका येईल का, की फेब्रुवारीच्या छाटणीनंतरच आशा ठेवायची?