मदत हवी आहे: पॉवर स्टेअरिंगचा पाईप बदलूनही ऑइल गळतंय

ऐरोली_सेक्टरवाला:
आमच्या जुन्या व्हॅनचं पॉवर स्टेअरिंगचं ऑइल गळतंय. पाईप बदलला, तरी गळतंच आहे. पार्किंगमध्ये लाल डाग पडतात आणि सेक्रेटरी त्याचे फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. गणपतीला गावी जायचंय, घरची सगळी माणसं आणि सामान. गॅरेजवाला आता म्हणतो अख्खा रॅक (स्टेअरिंग फिरवलं की चाकं वळवतो तो भाग) बदला. ठाणे-नवी मुंबईत कोणी भरवशाचा मेस्त्री माहीत असेल तर लवकर सांगा. 'गाडी विका' असले सल्ले नकोत.

मुक्काम_कळवा:
गाडी विका. (गंमत हो!) व्हॅन कुठली ते तरी लिहा. ओम्नीला तर पॉवर स्टेअरिंग नसतं.

नटबोल्ट:
पाईप बदलला म्हणजे कुठला? दोन असतात. आणि गळतं कधी, गाडी उभी असताना की स्टेअरिंग वळवताना? कुठलं मॉडेल, कुठलं ऑइल?

ऐरोली_सेक्टरवाला:
टाटा विंगर, २०१०. पाईप म्हणजे पॉवर स्टेअरिंगचा पाईप, दुसरा कुठला? रबरी आहे, दोन्ही टोकांना क्लिप. मेस्त्रीचं नाव हवंय, परीक्षा नको.

नटबोल्ट:
दोन्हीकडे क्लिप म्हणजे तुमचा रिटर्नचा पाईप बदललाय. त्यातून ऑइल रॅककडून ऑइलच्या डबीत परत येतं, दाब नगण्य. पंपाकडून रॅककडे जातो तो प्रेशरचा पाईप. त्याला क्लिप नसते. रबर आणि लोखंडी टोक यांच्या सांध्यावर कॉलर दाबून बसवलेली असते. टायरमध्ये दोन-अडीच बार हवा असते. इथे स्टेअरिंग टोकाला नेलं की ७० ते १०० बारपर्यंत दाब जातो. तो पाईप बघितला का कोणी?

घाटातला_ड्रायव्हर:
एवढं काय त्यात? गळतोय तिथे पाईप कापायचा, आत लोखंडी नळीचा तुकडा घालायचा, दोन्ही बाजूंनी डबल क्लिप मारायची. मी टेंपोला हेच केलंय. मस्त चालतो.

नटबोल्ट:
रिटर्नला चालेल. प्रेशरला केलंत तर पहिल्याच यू-टर्नला सुटेल आणि ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या पाईपवर उडेल. ते पेट घेतं. असले सल्ले माणसं भरून निघालेल्या गाडीला देऊ नका.

घाटातला_ड्रायव्हर:
आम्ही गाड्या चालवतो, पुस्तकं नाही वाचत.

सानपाडा_लोकल:
काही कापू नका. गळती थांबवायची बाटली मिळते, ओतली की झालं.

जुनी_ती_गाडी:
बाटलीने आतली सुकलेली रबरी सीलं जरा फुगतात, इतकंच. कॉलरपाशी फाटलेल्या पाईपला तिचा काय उपयोग? आणि हो, चुकूनही ब्रेक ऑइल ओतू नका, सगळी सीलं खराब होतील.

मुक्काम_कळवा:
२०१० म्हणजे १५ वर्षं झाली. पुनर्नोंदणी केलीत का? खाजगी गाडीला पुढची ५ वर्षं मिळतात, पण आरटीओत गाडी दाखवावी लागते. गळकी गाडी नेलीत तर परत पाठवतील.

ऐरोली_सेक्टरवाला:
केली. ते विचारलेलं नाही.

घोडबंदर_त्रस्त:
गावी कुठल्या रस्त्याने जाणार? कशेडीला घाटाऐवजी बोगदा घ्या. स्टेअरिंगला त्रास कमी.

नटबोल्ट:
रॅक बदलायच्या आधी एक करा. पंपापासून रॅकपर्यंत सगळं डिझेल आणि ब्रशने धुऊन कोरडं पुसा. सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर मारा. कोणाला तरी गाडी चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे हळूहळू फिरवायला सांगा, तुम्ही टॉर्च घेऊन लांबून बघा. पहिला ओला डाग जिथे उमटेल तिथे गळती. गाडी चालू असताना बोटाने चाचपायचं नाही, एवढ्या दाबाची बारीक धार कातडीत घुसते. रॅकच्या दोन टोकांचे रबरी बूटही (टोकांवरची रबरी आवरणं) दाबून बघा. आत ऑइल भरलं असेल तर रॅक गळतोय, गॅरेजवाला बरोबर. बूट कोरडे असतील तर रॅकला हात लावू देऊ नका.

ऐरोली_सेक्टरवाला:
बूट दोन्ही कोरडे. पावडर ओली झाली ती वरच्या, म्हणजे प्रेशरच्या पाईपच्या कॉलरखाली. तिथून थेंब लोखंडी पाईपवरून ओघळत खालच्या नव्या पाईपच्या क्लिपवर येतो आणि तिथून जमिनीवर. खालून बघितलं की क्लिपच गळतेय असं वाटतं.

जुनी_ती_गाडी:
मग कंपनीचा नवा पाईप घ्या. नाही मिळाला तर कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना शोधा.

नटबोल्ट:
जुना कशाला? त्याचंही रबर तेवढंच म्हातारं. जेसीबी-क्रेनचे हायड्रॉलिक होस (जास्त दाबाचे रबरी पाईप) प्रेस करून, म्हणजे टोकांच्या कॉलर मशीनने दाबून देणारी दुकानं कळंबोलीला आणि तुर्भे-रबाळे एमआयडीसीत आहेत. तुमची लोखंडी टोकं तीच ठेवून मध्ये नवा होस प्रेस करून देतात. फक्त पाईप कापायच्या आधी दोन्ही टोकांचा एकमेकांशी कोन कसा आहे त्याची खूण करा, फोटो काढा. कोन चुकला की होस पीळ खाऊन बसतो आणि महिन्याभरात तिथेच फाटतो. बँजो बोल्टचे (पाईपचं टोक बसवणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंचे नवे घाला, जुने परत लावू देऊ नका. आणि तोवर डबी रिकामी ठेवून गाडी चालवू नका. स्टेअरिंग जड झालं तरी वळतं, पण कोरडा पंप जळतो.

घाटातला_ड्रायव्हर:
त्यापेक्षा दोन क्लिपा स्वस्त.

ऐरोली_सेक्टरवाला:
होस प्रेस करून बसवला. गळती बंद. पण आता वळवताना म्हैस रेकल्यासारखा आवाज येतो आणि डबीत फेस दिसतोय. पंप गेला का?

नटबोल्ट:
हवा राहिली आहे. पुढची चाकं जॅकवर घ्या, खाली घोडे (आधाराचे स्टँड) लावा. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवत राहा. बुडबुडे थांबेपर्यंत, डबी भरत भरत. मग गाडी चालू करून तेच. डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल घाला.

ऐरोली_सेक्टरवाला:
फेस गेला. टोकाला नेलं की अजून जरा घूं होतं.

नटबोल्ट:
टोकाला तेवढं होणारच, पंपाचा जादा दाब सोडणारा रिलीफ वॉल्व्ह उघडतो. तिथे चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका.

सानपाडा_लोकल:
माझ्या क्वालिसचं स्टेअरिंग सकाळी जड लागतं. हाच पाईप असेल का?

नटबोल्ट:
वेगळा धागा काढा. आधी पंपाचा पट्टा सैल आहे का बघा.