आकडा लहान म्हणून वीज कमी?

कोथरूडकर: ‘इंटेलचे १० नॅनोमीटर टीएसएमसीच्या ७ पेक्षा एक पिढी मागे, म्हणूनच लॅपटॉप तापतात’ हे हिंजवडीकरांचे कालचे विधान वाचून राहवले नाही. (इंटेल आणि तैवानची टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपन्या; १०, ७ ही त्यांच्या निर्मिती-प्रोसेसची नावे.) इंटेलच्याच मोजणीनुसार त्या प्रोसेसमध्ये चौरस मिलिमीटरला सुमारे १० कोटी ट्रान्झिस्टर (चिपमधले सूक्ष्म स्विच) मावतात, तर टीएसएमसीच्या ७ मध्ये ९ कोटींच्या आसपास. नावातल्या आकड्याचा चिपवरील कोणत्याही मापाशी संबंध उरलेला नाही, म्हणून तर २०२१ मध्ये इंटेलने १० च्याच सुधारित आवृत्तीला ‘इंटेल ७’ अशी पाटी लावली.

हिंजवडीकर: १० कोटी कागदावर, साहेब. मी चिपचे लेआउट, म्हणजे आतली मांडणी, करतो. वेगवान कोअरसाठी (चिपमधल्या गणन-भागासाठी) उंच सेल, म्हणजे ट्रान्झिस्टरांचे मोठे ठोकळे, घ्यावे लागतात आणि घनता तिथेच घसरते. वीज तर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे वाढते आणि व्होल्टेज उतरण्याचा वेग २००५ च्या सुमारासच मंदावला. क्वालकॉमचा फोनसाठीचा प्रोसेसर स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर आला, ८ प्लस जेन १ टीएसएमसीच्या ४ वर. आकडा तोच, आराखडा जवळपास तोच, तरी क्वालकॉमने ३० टक्क्यांपर्यंत वीजबचतीचा दावा केला. पहिल्या चिपचा फोन माझ्याकडे होता. एप्रिलमध्ये चांदणी चौकात नकाशा पाहताना पडदा आपोआप मंद झाला, आणि मी रस्त्याकडेला उभा राहून फोन थंड पाण्याच्या बाटलीला टेकवत होतो. सेवा केंद्राने ‘उन्हात वापरू नका’ म्हणून बोळवण केली!

कोथरूडकर: एप्रिलमध्ये चांदणी चौकात डांबरही तापते, तेही सॅमसंगचे का?

हिंजवडीकर: टिंगल सोपी असते. त्याच गाडीवर, त्याच ठिकाणी पत्नीचा फोन सुरळीत चालत होता.

नारायण पेठ: फोनचे पुराण आवरा. २०१५ मध्ये ॲपलने ए९ ही एकच चिप दोघांकडून करून घेतली होती. सॅमसंगच्या १४ वर ती ९६ चौरस मिलिमीटरची, टीएसएमसीच्या १६ वर साधारण १०४. छोटी, दाट चिप बॅटरीत जिंकायला हवी होती, पण काही चाचण्यांत मोठीच अधिक टिकली. प्रत्यक्ष वापरात फरक २-३ टक्केच, असे ॲपलचे म्हणणे.

कोथरूडकर: घनतेवरून वीज ठरत नाही हे मान्य, आणि त्याचे श्रेय ए९ ला, बाटलीला नव्हे. मात्र मूळ विधानातले ‘एक पिढी मागे’ तेवढे खोडा.

हिंजवडीकर: खोडतो. इंटेलचा तो १० चा नोड (निर्मितीची पिढी) बाजारात यायला जी वर्षे लागली, ती तुम्ही खोडून दाखवा.