मागच्या डिफरन्शियलचा आवाज: खोलून दुरुस्त करू की भंगारातलं अख्खं बसवू?

गंगापूररोडकर
गाडी 2011 ची डिझेल सात सीटर, मागच्या चाकांवर चालणारी, 2 लाख 30 हजार किमी झालेत. (कंपनी मुद्दाम लिहीत नाही. लिहिली की धागा त्याच भांडणात जातो.) दोन महिन्यांपासून 60 ते 75 च्या वेगात मागून 'हूंऽऽ' येतं. पाय दाबला की येतं, सोडला की जातं. बायको म्हणते, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं वाटतं.

नाशिकमधल्या द्वारकेचा मिस्त्री म्हणतो डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) खोलून बेरिंग बदलू, मजुरी धरून 14 हजार. क्राऊन-पिनियन (आतली मोठी-छोटी दातेरी चाकं) खराब निघालं तर त्याचे वेगळे. इथल्याच मुंबई नाक्याचा म्हणतो, अपघातात गेलेल्या गाडीचं अख्खं डिफरन्शियल आणून टाकतो, 18 हजार, संध्याकाळी गाडी घेऊन जा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. महिन्यातून दोनदा कसारा उतरून ठाण्याला जातो, अर्धवट काम नको.

निफाडचा द्राक्षवाला
अख्खंच टाका दादा. माझ्या पिकअपचं खोललं होतं. बेरिंग नवे, सील नवं, आठ दिवस गाडी आडवी. आवाज गेला आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या सुरात परत आला. ऐन फेब्रुवारीत, क्रेट भरून उभे असताना! शेवटी जुन्या गाडीचं अख्खं बसवलं, तेव्हापासून शांत. खोलायला हरकत नाय, पण परत बसवायची अक्कल कुणाकडे आहे ते आधी सांगा.

अंबडचा लेथवाला
निफाडकर, तुमचं दुखणं खरं, पण निदान चुकलं. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात. बेरिंग सैल झालं की पिनियन जागेवरून हलतो आणि दात भलत्याच ठिकाणी घासले जातात. तसं बरेच महिने चालवून मग नुसतं बेरिंग बदललं तर पिनियन जागेवर येतो, पण झिजलेले दात तसेच राहतात. आवाज परत येणारच. अशा वेळी क्राऊन-पिनियन जोडीनेच बदलायचं, एकटं कधीच नाही.

आता भंगारातल्याबद्दल. किलोमीटरचा काटा डॅशबोर्डवर असतो, डिफरन्शियलवर नसतो. ते 80 हजार चाललंय की 4 लाख, कोण सांगणार? शिवाय रेशो, म्हणजे पिनियन आणि क्राऊनच्या दातांचं प्रमाण. 11 आणि 43 दात म्हणजे 3.909, 10 आणि 41 म्हणजे 4.1. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतील, बसतीलही, आणि मग इंजिन उगाच जास्त फिरतंय म्हणून तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

सिडकोचा शंकेखोर
थांबा, आवाज तिथलाच आहे हे कुणी ठरवलं? मी चाकाचं बेरिंग, तेल, सगळं बदलून बसलो आणि शेवटी निघाले टायर, कडेने करवतीसारखे झिजलेले. समृद्धीचं सिमेंट सोडून डांबरी रस्त्यावर या; आवाज बदलला तर टायर. मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावी-उजवीकडे वळवा. एका बाजूला वाढला तर चाकाचं बेरिंग. यात पैसा लागत नाही.

अंबडचा लेथवाला
तपासणी बरोबर आहे, करावीच. पण त्यांनी लिहिलंय की पाय सोडला की आवाज जातो. तुमचा पाय कुठे आहे हे टायरला कसं कळणार? हे दातांचंच लक्षण.

पंचवटीतला निवांत
काहीही करू नका हो. 90 नंबर काढून 140 नंबरचं जाड तेल भरा आणि रेडिओ मोठा करा. आणि कसारा कशाला हवा? इगतपुरीहून समृद्धी धरा, 2025 पासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे.

अंबडचा लेथवाला
जाड तेलाने आवाज झाकतो, झीज थांबत नाही. जुनी गाडी विकणारे भुसा घालून हेच करतात. आणि समृद्धीवर एका वेगाने तासभर पळवली तर तेल घाटापेक्षा कमी तापेल असं वाटतं का? पिनियनचं बेरिंग जाम झालं तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी थांबतात. बोगद्यात की उतारावर, एवढीच निवड तुमची.

गंगापूररोडकर
काल तेल काढून बघितलं. जेमतेम अर्धं निघालं. हवा जायची नळी चिखलाने बंद, त्यामुळे आतला दाब वाढून पिनियनच्या सीलमधून तेल गळत होतं. मी खालचे डाग इंजिनचे समजत होतो. प्लगच्या लोहचुंबकावर करडा चिखल होता. तेवढा चालतो असं मिस्त्री म्हणाला, पण त्यात तांदळाच्या कणीएवढे चकचकीत तुकडेही होते. ते बघून तो गप्प झाला.

मग मुंबई नाक्यावर गेलो. भंगारातलं डिफरन्शियल उघडून दाखवा, निदान हाताने फिरवून दाखवा म्हटलं. 'आधी पैसे, मग बघा.' परत आलो. द्वारकेलाच खोलायला देतोय, आणि दात गेले असतील तर नवी जोडी.

निफाडचा द्राक्षवाला
म्हणजे 14 चे 30 होणार. लिहून ठेवा.

अंबडचा लेथवाला
होतील कदाचित. पण समोर उभं राहून काम करून घ्या. डायल गेज (बारीक फट मोजायचं काट्याचं माप) आहे का ते आधी विचारा. दातांमधला प्ले (मोकळी फट) साधारण 0.15 ते 0.20 मिमी लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. बोटाने हलवून 'बरोबर आहे' म्हणाला तर गाडी उचलून आणा. क्रश स्लीव्ह (पिनियनच्या बेरिंगांमधली दबणारी नळी) असेल तर नवीच, जुनी एकदा दबली की संपली. आणि शेवटी शेंदूर तेलात कालवून दातांना लावायला सांगा. फिरवल्यावर ठसा दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला किंवा बुडाला उमटला तर शिम (जागा जुळवायची पातळ चकती) बदलून परत.

निफाडचा द्राक्षवाला
आमच्या मिस्त्रीने शेंदूर फक्त गॅरेजातल्या मारुतीला लावला होता. गिअरलाही लागतो हे आज कळलं.