कमिशन सगळीकडे सारखं नाही

खतांच्या बाबतीत 'जिथे कमिशन जास्त तोच ब्रँड दुकानदार पुढे करतो' असं म्हणतात, ते 19:19:19, 0:52:34 (आकडे म्हणजे नत्र, स्फुरद, पालाशचं प्रमाण) असल्या पाण्यात विरघळणाऱ्या विद्राव्य खतांना आणि पिकांच्या टॉनिकांना लागू आहे. युरियाला नाही. 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना विकायची, त्यात दुकानदाराला हमाली जाऊन उरतं काय? शिवाय ऑक्टोबर 2022 पासून अनुदानित खतांच्या गोणीवर मोठ्या अक्षरात 'भारत' आलं, कंपनीचं नाव कोपऱ्यात गेलं. गिऱ्हाईक मात्र अजून कंपनीच्या ब्रँडचं नाव घेऊन 'सुफला द्या', 'महाधन आहे का' असंच विचारतं.

पुणे जिल्ह्यात मंचरला आमच्या मामांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांच्या लेखी चांगली कंपनी म्हणजे जिचा माल कांदा-बटाट्याच्या लागणीआधी गोदामात पडतो, आणि जिची गोणी पावसाळ्यात दगड होत नाही. ढेकळं झालेलं 10:26:26 शेतकरी परत आणून टाकतो, शिव्या दुकानदार खातो, कंपनीचा माणूस फोन उचलत नाही. दुसरं म्हणजे लिंकिंग. डीएपी खत पाहिजे तर सोबत न खपणाऱ्या मालाचे चार बॉक्स घ्या! कृषी खातं कारवाईचे इशारे देतं, पण गोणी अडवून धरली की दुकानदार गपचूप घेतो आणि तोच माल आपल्या गळ्यात मारतो. त्यामुळे काउंटरवर ज्याची सर्वात जास्त शिफारस होते, त्या कंपनीबद्दल दुकानदाराचं खरं मत ऐकायचं असेल तर शटर ओढल्यावर चहाला बसा.