आई ७१ वर्षांची, दळणाचा डबा उचलवेना. प्रोटीन कमी पडतंय का?

लेक_नाशिकची: आईचं वजन ५२ किलो. पूर्वी दळणाचा डबा कडेवर घेऊन दोन जिने चढायची, आता पाटावरून उठतानाही जमिनीला हात टेकते. जेवण म्हणजे दोन पोळ्या, भाजी, पातळ वरण. रात्री नुसता दूधभात. अंडं घरात चालत नाही. काय वाढवू?

धिरडंवाली: अगं, माझंही असंच झालेलं. डाएटिशियनबाईंनी हिशेब मांडला: या वयात वजनाच्या किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन, म्हणजे तुझ्या आईला ५२ ते ६२ ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम तीन-चार! मी सकाळी मुगाचं धिरडं करते, आत पनीर किसून. दुपारी घट्ट पिठलं नि दही. दूधभातावर रात्र काढणं मात्र बंद. आणि नुसतं खाऊन ताकद येत नाही हां. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस, दिवसातून दोनदा. पहिल्या दिवशी चौथ्यालाच माझ्या मांड्या थरथरल्या.

जुना_मेंबर: आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून किडनीचं काम कळतं. किडनी कमजोर असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

लेक_नाशिकची: तपासलं, नॉर्मल आहे. धिरडं आवडलं, पनीर तेवढं वेचून ताटाच्या कडेला ठेवलं.

धिरडंवाली: पिठातच कालव, कळणारही नाही.